पिवळ्या कॅनचं देवक

काझिरू बंदर, बुकासा बेट
४ मार्च २००१

नान्झिरी पोरी,

तिकडे सगळे कसे आहेत? काम कसं चाललंय? रात्री झोप लागते ना? रिवाजाप्रमाणे विचारायचं ते विचारून झालं. उत्तराची वाट न बघता मुद्द्यावर येते, कारण पत्र नेणारा मासळीवाला माझ्या दारात उभा राहून पाय आपटतोय.

तुझे आतोबा जाऊन वर्ष झालं. शेवटचे विधीही पार पडले आणि त्यात माझे दीर कागिमू पोटभर जेवले. तेव्हापासून ते रोज येतात, चहा घेतात आणि छपराला टांगलेल्या जाळ्यांकडे बघत बसतात.

“वहिनी, जाळी कुजतायत.”

“कुजू देत. माझी आहेत.”

“बाईला होडीत पाय ठेवता येत नाही. मग जाळ्यांनी काय धरणार? कोंबड्या?”

इथला नियम तुला ठाऊक आहे. होडी म्हणजे नावाड्याची बायको. तिच्या पोटात दुसरी बाई शिरली की ती रुसते, मासे हाकलून देते, नाहीतर सरळ तळ गाठते. आपलं देवक मांबा मासा. कबाकाच्या, आपल्या राजाच्या, होड्या सांभाळायचा मान आपल्याच कुळाचा. आणि त्या कुळाची मी लेक, किनाऱ्यावर टोपली घेऊन परक्या होडीवाल्यांपुढे उभी राहते. कोणाला किती मासे द्यायचे हे कोण किती गोड हसलं त्यावर ठरतं. मला आता हसायचा कंटाळा आलाय.

कागिमू आता किनारा समितीचे अध्यक्ष झालेत. ईस्टरनंतर बैठक आहे. पडून असलेली जाळी वापरणाऱ्याच्या हवाली करायची, असा ठराव येणार. वापरणारा कोण, ते सांगायला नको. जाळी गेली की मी इथे राहून काय करू? मग तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा आणि मरेपर्यंत तिची बोलणी.

म्हणून मी ठरवलंय. होडीत पाय ठेवायचा नाही ना? नाही ठेवत. घरामागे तेलाचे पिवळे जेरीकॅन पडलेत, वीस लिटरचे. ते एकत्र करून तराफा करते आणि लव्हाळ्यांच्या कडेने जाळं लावते. तू कात्वेला दिवसभर प्लास्टिकमध्येच असतेस, तर मला एवढंच सांग: कॅनला कॅन चिकटवायला गोंद कुठला आणू? आणि काही कॅन मुठीपाशी चिरलेत, ते बुजवायचे कसे?

तुझी सेंगा,
नाब्बोसा

ता. क. मागच्या पत्रात अलोयसियस हे नाव दर चार ओळींनी येत होतं. हा कोण?


कात्वे, कंपाला
११ मार्च २००१

प्रिय सेंगा,

गेबाले! शाब्बास तुझी! पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवून विचारलं, कोण मेलं? म्हटलं, कोणी नाही, माझ्या बापाची बहीण सरोवरात उतरतेय.

पहिली गोष्ट, गोंद आणू नकोस. पैसे वाया जातील. हे प्लास्टिक इतकं तुसडं आहे की जगातला कुठलाही गोंद त्याला धरून राहत नाही. बोट फिरवून बघ, मेणासारखं लागेल. पाणीसुद्धा त्याच्यावर टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतं. पण तो तुसडेपणाच त्याचा गुण. तेल भर, पाणी भर, केळ्याची दारू भर, तो कशाशीच सलगी करत नाही. गंजत नाही, कुजत नाही, डोक्यावरून पडला तर उडी मारून बाजूला उभा राहतो. रॉकेल तेवढं भरू नकोस. त्याचा वास अंगात मुरतो आणि पुढे नातवंडांच्या चहालाही येतो.

त्याला एकच गोष्ट मारते, वर्षानुवर्षांचं ऊन. जो कॅन पांढुरका पडलाय आणि दाबल्यावर कुरकुरतो तो घेऊ नकोस. बाकीचे सगळे घे. लाकडाची चौकट कर, तिच्यात कॅन उभे ठेव, तोंडं वर, आणि नायलॉनच्या दोरीने करकचून बांध. झाकणांखाली सायकलच्या ट्यूबची चकती घाल.

आता चिरा. आम्ही त्या आगीने सांधतो. लोखंडी पट्टी निखाऱ्यात तापव. चिरेच्या दोन्ही कडांवरून फिरव, कडा वितळून चकाकल्या की त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवत वर दाब. पाणी ओतू नकोस, आपोआप थंड होऊ दे. दोन्ही मिळून एकच होतं, खुणेपुरता वळ राहतो.

पण सेंगा, पट्टी त्याच्याच कुळातली हवी. आपल्यात मांबाच्या पोरीने मांबाच्या पोराकडे नुसतं बघितलं तरी तू काठी घेऊन धावशील. कॅनचं सगळं उलट. सगोत्र असेल तरच संसार टिकतो. याच्या कुळाचं नाव पॉलिथिन. दुकानातली पातळ पिशवीसुद्धा त्याच घराण्यातली, पण ती धाकटी पाती, अंगात जोर नाही. कूळ ओळखायची खूण सोपी आहे. तुकडा पाण्यात टाक. सोड्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो, नळाच्या पाइपचाही बुडतो. तरंगला तो आपला.

अलोयसियस आमच्याकडे पट्टी तापवतो. बस, एवढंच.

तुझी,
नान्झिरी


काझिरू
२८ मार्च २००१

नान्झिरी,

तरंगला तो आपला, म्हणे!

तू सांगितलंस तसं सगळं केलं. चौकट बांधली, पांढुरके कॅन बाजूला काढले. तीन कॅनना ठिगळ हवं होतं आणि चांगला कॅन फाडायला जीव होईना. म्हणून अंगणातलं फुटकं घमेलं घेतलं. पिवळंजर्द, कॅनशेजारी ठेवलं तर जुळं भावंड वाटावं. पाण्यात टाकलं, झकास तरंगलं. मनात म्हटलं, चला, सोयरिक जमली. तापवलं, दाबलं, वाफ आली, छान बसलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की घरात जाऊन चहात साखर जास्त घातली.

शनिवारी सकाळी सगळ्या बंदरादेखत तराफा पाण्यात ढकलला. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मी मध्ये बसले, मांडीवर जाळं, हातात वल्हं. लव्हाळ्यांपर्यंत राणीसारखी गेले. आणि मग टप्, टप्, टप्. एकेक ठिगळ खपली निघावी तसं निघालं आणि माझ्यादेखत तरंगत लांब गेलं. तराफा एका बाजूला कलला आणि तुझी सेंगा जाळ्यासकट पाण्यात. चौकटीला लोंबकळत, पाय मारत परत आले. किनाऱ्यावर पुरुष हसून हसून वाळूत बसले होते.

कागिमूंनी मला हात देऊन वर काढलं आणि वर म्हणाले, “वहिनी, होडीसुद्धा नाही, तरी रुसलीच की!”

पोरी, बुडाल्याचं दुःख नाही. पण संध्याकाळी ते पुन्हा आले आणि या वेळी जाळी मोजून गेले.

कुळाच्या खुणा सांगताना अर्ध्याच सांगितल्यास. असं सोयरिकीत चालत नाही. आमच्या वेळी मुलगी बघताना दात, चाल, आजोळ, सगळं बघायचे. तू एक तरंगणं बघितलंस आणि लग्न लावून मोकळी झालीस.

नाब्बोसा


कात्वे
३ एप्रिल २००१

सेंगा,

चूक माझी. तुला लागलं नाही ना, हे तर तू लिहिलंच नाहीस. अलोयसियसने तुझं पत्र वाचलं आणि मलाच विचारलं, “घमेलंही तरंगतं हे तुला माहीत नव्हतं?” माहीत होतं, सेंगा. रोज वेगळं काढते. इथे घमेली आणि कॅन वेगवेगळ्या ढिगात येतात, म्हणून सांगायचं सुचलं नाही, इतकंच.

घमेलं, बादली, खुर्ची हे वेगळं कूळ. दिसायला सारखं, तरंगतंही, पण स्वभाव निराळा. कॅनशी ते वरवर गोड बोलतं आणि थंड झालं की हात सोडतं. आता पुरत्या खुणा ऐक. नखाने दाबून ओरखडा काढ. कॅनवर उमटतो, घमेल्यावर नख घसरतं. काडी लाव आणि विझवून वास घे. कॅनचा वास विझलेल्या मेणबत्तीचा, चर्चमधून बाहेर पडताना येतो तो. आणि सगळ्यात सोपं, बुडाकडे बघ. बाणांचा त्रिकोण आणि आत दोनचा आकडा असेल तर तो आपल्या कॅनचा सख्खा. घमेल्यावर पाच असतो, तोही छापला असला तर. रंगाकडे बघूच नकोस. रंग कारखान्यात कोणीही कोणालाही देतं.

ठिगळासाठी तो पांढुरका कॅनही नको. एक चांगला कॅन फाड. जीव घट्ट कर. एका कॅनमध्ये तुझ्या सगळ्या चिरा बुजून वर वल्ह्याचं पातं, पाणी उपसायचं भांडं आणि नरसाळं निघेल. इथल्या बायका असाच एकेक कॅन शेवटपर्यंत वापरतात. वरचा भाग नरसाळं, मधला भाग रोपांना, बूड कोंबड्यांच्या पाण्याला.

आणखी एक. आईशी बोलले. आमच्या मागची खोली रिकामी आहे, मी झाडून घेतलीय. खिडकीसुद्धा आहे. बैठकीचं काय व्हायचं ते होवो, तुला कोपऱ्यात राहावं लागणार नाही.

तुझी,
नान्झिरी


काझिरू
१७ एप्रिल २००१

नान्झिरी,

खोली दुसऱ्या कोणाला दे. झाडलीस म्हणून आभार. खिडकी आहे म्हणतेस, तिच्यातून सरोवर दिसतं का? नाही ना? मग तिच्यात शेळी बांध.

मी हरणार असं तू गृहीत धरलंस, त्याचा मला राग आला. दोन दिवस तुझं पत्र चुलीजवळ ठेवलं होतं, जाळायला. मग त्यातली खुणांची पानं हवी होती म्हणून ठेवलं.

चांगला कॅन फाडला. फाडताना डोळ्यांत पाणी आलं, धुराने. नख लावलं, काडी लावली, बुडाचा त्रिकोण बघितला. वास अगदी चर्चचा. पट्टी तापवून सांधलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक कॅन पाणी भरून डोक्यावरून खाली टाकला. टणकन उडाला आणि कोंबड्यांच्या अंगावर गेला. ठिगळ जिथल्या तिथे.

गेले काही दिवस पहाटे जाते. लव्हाळ्यांच्या कडेने जाळं लावते आणि ऊन चढायच्या आत काढते. ङगेगे मासे मिळतात, हातभर लांबीचे. एकदा मांबा सापडला. त्याला हात जोडले, म्हटलं, भाऊ, चुकून झालं, आणि सोडून दिला. माझ्या टोपलीपुढे आता बायका उभ्या राहतात आणि मी कोणालाही हसायला लावत नाही.

पण कागिमूंनी नवी चाल काढलीय. जाळी पडून आहेत असं आता म्हणता येत नाही, म्हणून म्हणतात, हा तराफा म्हणजे होडीच. बाई होडीत बसली, बंदर बाटलं, आता सगळ्यांचे मासे जाणार. अठ्ठावीसला किनाऱ्यावर बैठक. निवाडा म्हातारे बुकेन्या करणार, सगळ्या बंदराचे जज्जा, आजोबाच म्हण. इथल्या सगळ्या होड्या त्यांच्या हातच्या. त्यांनी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, शेवटचा खिळा मारून त्यावर दारूची चूळ टाकल्याशिवाय कोणी तिला होडी म्हणत नाही. ते होडी म्हणाले तर तराफाही गेला आणि जाळीही.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, तेही बैठकीच्या आत. तू म्हणतेस तुकडा तरंगतो. अख्खा कॅन, झाकण काढून पाण्याने काठोकाठ भरला आणि सरोवरात सोडला, तर बुडतो की नाही?

नाब्बोसा


कात्वे
२१ एप्रिल २००१

सेंगा,

खोलीत शेळी बांधली. खरंच. आईने घेतली.

तुझा प्रश्न वाचून मी ‘बुडणार’ असं लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, अर्ध्या माहितीवर एकदा तुला बुडवलंय. अंगणात पाण्याचा मोठा पिंप आहे, त्यात करून बघितलं. कॅन काठोकाठ भरला, आत बुडबुडा राहू दिला नाही, आणि सोडला. गेला खाली. मला वाटलं संपलं. मग हळूच वर आला. नुसती मूठ पाण्याबाहेर, तीसुद्धा जेमतेम. पुन्हा दाबला, पुन्हा वर. अलोयसियस म्हणाला, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखंच, त्याचा भार नाही. उरलं ते प्लास्टिक, आणि ते पाण्याहून रेसभर हलकं.

रेसभरच, सेंगा. हे विसरू नकोस. आत मूठभर वाळू गेली तरी तो तळाला जाईल. आणि सगळे कॅन असे भरले तर तराफा तुला उचलणार नाही. तू काय करणार आहेस? लिहीत का नाहीस?

अलोयसियसने चौकटीसाठी चांगली दोरी पाठवलीय, पत्राबरोबर मिळेल.

नान्झिरी


काझिरू
२९ एप्रिल २००१

माझ्या गुणी नान्झिरी,

बस. खाली बस आणि मग वाच. घाईत वाचलंस तर मजा जाईल.

काल सगळं बंदर किनाऱ्यावर जमलं होतं. पुरुष उलट्या होड्यांवर बसले, बायका आपापल्या पाण्याच्या कॅनवर. म्हातारे बुकेन्या मध्ये, स्टुलावर, हातात काठी. कागिमू कोट घालून आले होते. या उन्हात कोट! तेव्हाच मला बरं वाटलं. माणूस कोट घालतो तेव्हा त्याला खात्री नसते.

कागिमू म्हणाले, “माणसाला पाण्यावरून नेते ती होडी. हे वहिनींना नेतं. म्हणजे होडी. बाई होडीत बसली. झालं.”

बुकेन्या म्हणाले, “लहानपणी तू ओंडक्यावर बसून पलीकडे गेलास आणि तुझ्या आईने तुला बडवलं. तो ओंडका होडी होता का?”

लोक हसले. कागिमू हसले नाहीत. म्हणाले, “मग होडी कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा, जज्जा.”

मी उठले. अंगावरचा पायघोळ झगा, सणाची गोमेसी, सावरली. मी म्हटलं, “जज्जा, तुम्ही आयुष्यभर होड्या बांधल्यात. एकच सांगा. होडीत बाई का नको?”

“कारण तिला पोट असतं,” ते म्हणाले. “पोटात ती आपल्या माणसांना धरते. दुसरी बाई तिला सहन होत नाही. रागावली की पोटात पाणी घेते आणि सगळ्यांना घेऊन खाली जाते.”

“पोटात पाणी भरलं की खाली जाते. प्रत्येक होडी?”

“प्रत्येक. माझ्या बापाच्या हातचीसुद्धा गेली.”

“मग माझ्या तराफ्याच्या पोटात पाणी भरा,” मी म्हटलं. “कॅन तुम्ही निवडा. काठोकाठ भरा. खाली गेला तर ती होडी. जाळी कागिमूंना देते आणि उद्याच्या बोटीने कंपालाला जाते.”

पोरी, असं बोलले आणि माझं मलाच भ्यायला झालं. माझी शेजारीण कुजबुजली, “नाब्बोसा, वेडी झालीस? भरलेला कॅन बुडणार नाही तर काय उडणार?”

कागिमूंचा चेहरा उजळला. त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि तराफ्यातला एक कॅन दोरीतून सोडवला. मुद्दाम ठिगळाचा निवडला. कडेच्या गढूळ पाण्यात तो आडवा करून भरायला लागले, तशी मी ओरडले, “गाळ नको! होडीत वाळू भरून बुडवली तर तो होडीचा दोष का?” बुकेन्यांनी काठी आपटली. “खरं आहे. कागिमू, आत जाऊन स्वच्छ पाणी घे.” मग ते कमरेएवढ्या पाण्यात गेले, कॅन काठोकाठ भरला, हलवून बुडबुडे काढले आणि दोन्ही हातांनी खाली दाबून सोडला.

कॅन गेला. पिवळा रंग हिरवा झाला आणि दिसेनासा झाला. एक लाट आली. होड्यांवरचे पुरुष हसायला लागले. कागिमू माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, बांधाबांध करा.”

मी तुझं पत्र गोमेसीच्या कमरपट्ट्यात खोचलं होतं. त्यावर हात दाबला आणि मनात म्हटलं, नान्झिरी, या वेळी तरी पुरतं सांगितलं असशील तर.

तेवढ्यात माझ्या शेजारणीची किंकाळी आली.

कागिमूंच्या पाठीमागे कॅनची मूठ वर आली होती. एवढीशी, पाणघोड्याच्या कानाएवढी. लाट गेली तरी तिथेच. कागिमूंनी वळून पाहिलं आणि तळव्याने खाली दाबली. वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर. रागाने गुडघा घातला तर कॅन बाजूने निसटला आणि दुसरीकडे कान काढून उभा राहिला. तोवर बायकांनी ओठांवर हात मारून जी आरोळी सुरू केली ती पलीकडच्या बेटावर ऐकू गेली असेल.

बुकेन्या स्वतः पाण्यात उतरले. काठीने त्यांनी कॅन टोचला, दाबला, फिरवला. ठिगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “पोट भरलं तरी जात नाही. म्हणजे हे पोटच नव्हे. पोट नाही तिला राग कुठला, आणि राग नाही ती होडी नाही.”

“मग हे आहे तरी काय?” कागिमू ओरडले. ओलेचिंब.

“कॅन आहे,” म्हातारा म्हणाला. “जेरीकॅन. बाई जन्मल्यापासून जेरीकॅन घेऊन सरोवरावर येते. तुझी आई आली, तुझी बायको रोज येते. बाईने कॅन घेऊन पाण्यात जाऊ नये असा नियम ज्याला करायचा असेल त्याने आत्ता हात वर करावा, आणि उद्यापासून आपलं पाणी आपण भरावं.”

नान्झिरी, एक हात वर झाला नाही. कागिमूंच्या बायकोने तर नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

मी नाचले. या वयात, गोमेसीचा ओचा वर खोचून, सगळ्यांदेखत. जाळी माझी, तराफा माझा, लव्हाळ्यांची कड माझी. आज पहाटे पाण्यावर गेले तेव्हा मध्यावर वल्हं ठेवून मोठ्याने रडले आणि मग जाळं ओढलं. जड होतं.

कागिमू संध्याकाळी आले. चहा घेतला. छपराकडे बघितलं नाही. उठताना म्हणाले, “वहिनी, आमच्या हिलाही तराफा हवाय. ठिगळाचं तेवढं तिला शिकवाल?” म्हटलं, शिकवेन, पण आधी घमेल्याने सुरुवात करायला लावेन.

खोलीबद्दल रागावले होते, ते सोडून दे. शेळीला माझा नमस्कार.

तुझी सेंगा,
नाब्बोसा

ता. क. आता तुझी पाळी. इतक्या पत्रांत त्या मुलाचं नुसतं चर्चमधलं नाव लिहिलंस. आपल्या नावावरून कूळ कळतं, चर्चच्या नावावरून कळत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. कॅनचं घराणं बुडापासून सांगितलंस, आणि याचं? आपल्याच कुळातला असेल तर आत्ताच सांग, मी तराफ्यावरून येते आणि वल्हं घेऊन येते.


कात्वे
८ मे २००१

माझ्या शूर सेंगा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा कारखान्यात, एकदा घरी, एकदा पाण्याच्या नळावर. नळावर बायकांनी रांगेतले कॅन बडवून ढोल वाजवला आणि मला सगळ्यांच्या आधी पाणी भरू दिलं. कात्वेत असा मान कोणाला मिळत नाही. आई म्हणाली, ही पहिल्यापासून अशीच, आणि डोळे पुसले. मी खोलीबद्दल चुकले. तू हरशील असं मला वाटलं नव्हतं. तू एकटी असशील असं वाटलं होतं.

आता तो. भिऊ नकोस, मांबा नाही. तू रागावशील म्हणून लपवलं, कारण तुझी जुनी पत्रं मला पाठ आहेत. तुझी जाळी कोण फाडतं, तुझे मासे अर्धे खाऊन कोण ठेवतं, त्याला तू काय काय शिव्या देतेस, सगळं.

सेंगा, त्याचं देवक पाणमांजर आहे.

पण तो मासे विकत घेऊन खातो. शपथ.

तुझी,
नान्झिरी


काझिरू
१५ मे २००१

नान्झिरी,

पाणमांजर! साऱ्या बुगांडात तुला दुसरं कूळ मिळालं नाही?

दोन दिवस मी भांडी आपटत होते. मग काल पहाटे जाळं काढायला गेले तर एक पाणमांजर लव्हाळ्यात बसलेलं, माझ्याच ङगेगेवर ताव मारत. मी वल्हं उगारलं. त्याने वर बघितलं, मिशा पुसल्या आणि खायला लागलं. भीती नाही, लाज नाही, हातातलं काम सोडायचं नाही. मला एकदम वाटलं, असला जावई नान्झिरीला पेलेल. आणि ज्याने न मागता दोरी पाठवली, त्या दोरीने माझी सगळी चौकट अजून आवळलेली आहे. त्याला ये म्हणावं.

पण सेंगा मी आहे. मागणी घालायला येतील तेव्हा दारात मी उभी असेन आणि अट माझी असेल. पाहुण्यांनी केळ्याची दारू रिवाजाप्रमाणे आणावी, ती पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमधूनच आणावी. प्रत्येक कॅन दारात ठेवल्यावर मी आधी बूड बघणार. त्रिकोणात दोन नसेल तर वरात परत. उन्हाने पांढुरका पडलेला एकही नको, रॉकेलचा वास असलेला तर मुळीच नको. वधूपिता आणि कुळातले म्हातारे दारू चाखत बसतील तोवर मी नखाने कॅन चाखून घेईन.

दारू सगळ्यांनी मिळून प्यावी. रिकामे कॅन माझे. या बंदरातल्या आठ बायका दारात उभ्या आहेत आणि मला दुसरा तराफा बांधायचाय.

तुझी,
नाब्बोसा